काटा खाली येईपर्यंत

घाटाच्या कडेला जीप उभी आहे. इंजिन बंद केलंत, बॉनेट उघडलंत, मागच्या चाकांना दगड लावलेत. आता पाऊण तास करण्यासारखं काही नाही. रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेलेलं आहे आणि झाकण सैल होताच ते वाफ होऊन तोंडावर येईल. ओलं फडकं टाकून झाकण फिरवणारे बहाद्दर प्रत्येक घाटात भेटतात, सल्लाही देतात. त्यांना चहा पाजा, झाकणापाशी येऊ देऊ नका.

हे मनन त्या पाऊण तासासाठी आहे. डोळे मिटायची गरज नाही. उघडेच ठेवा, पुढे बघायचं बरंच आहे.

आधी गाडी मनाशी नीट मांडा. समजा, ती महिंद्राची जुनी सीजे-३बी आहे. विलिसने हे मॉडेल १९५३ साली आणलं. तिचं बॉनेट एवढं उंच का, तर आतलं 'हरिकेन' पेट्रोल इंजिन आधीच्या इंजिनापेक्षा उंच होतं. त्याचे इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्टचे खाली ब्लॉकमध्ये. चार सिलिंडर, २१९९ सीसी. म्हणजे या गाडीचा चेहराच इंजिनाने ठरवलेला. आणि आता त्या चेहऱ्यामागे ते इंजिन नाही. महिंद्राने १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजोकडून एक्सडीपी ४.९० हे डिझेल इंजिन बनवण्याचा परवाना घेतला. पुढच्या जीपगाड्यांत ते येऊ लागलं, आणि पेट्रोल परवडेनासं झालेल्या कितीतरी मालकांनी आपल्या जुन्या जीपमध्येही तेच चढवून घेतलं. ४.९० म्हणजे चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर. स्ट्रोक ८३ मिलिमीटर, एकूण २११२ सीसी. पेट्रोलच्या जवळपास तेवढंच. "आरामात बसतं, साहेब," असं मिस्त्री म्हणाला असेल, आणि ते बसलंही.

आता एकेक वस्तू घ्या आणि विचारा, ही कुणाची? रेडिएटर बहुधा पेट्रोलचाच राहिला असेल. वॉटर पंप डिझेलचा, तो इंजिनाबरोबर आला. पंखा? कदाचित डिझेलचा, कदाचित जुन्या बाजारातून जमेल तो. वरचा होज पाइप दोन तुकडे मधे लोखंडी नळी घालून जोडलेला. डॅशबोर्डवरचा काटा पेट्रोलचा, आणि त्याला माहिती देणारा सेन्सर डिझेलचा किंवा तिसऱ्याच कुठल्या गाडीचा. इंजिन ज्यांवर बसतं ती फाउंडेशनची रबरं नवी. या सगळ्या वस्तू आपापल्या जागी उत्तम असू शकतात. पण कारखान्यातून निघालेल्या गाडीत त्या एकमेकींसाठी मोजूनमापून ठरवलेल्या असतात. कुणीतरी त्या हिशेबाखाली सही केलेली असते. इथे तो हिशेब कुणी केलेला नाही. पंप बनवणाऱ्याला हा रेडिएटर माहीत नव्हता आणि रेडिएटर बनवणाऱ्याला हे इंजिन. म्हणून या गाडीत बिघाड शोधताना वस्तूंपेक्षा वस्तूंच्या मधल्या जागा बघायच्या. सगळं मनन त्या जागांचंच आहे.

आता उष्णतेकडे वळू. ती आली कुठून?

माणसांसकट दीड टनाची गाडी ६०० मीटर वर चढवायला जी ऊर्जा लागते, ती साधारण पाव लिटर डिझेलमध्ये असते. फक्त पाव लिटर. पण इंजिन जळालेल्या डिझेलच्या पाव ते एक तृतीयांश भागाचंच काम करतं, म्हणून नुसत्या उचलण्यासाठी पाऊण ते एक लिटर जाळावं लागतं. टायरचं घर्षण, गिअरबॉक्स हे वेगळं. उरलेल्यातलं बरंचसं सायलेन्सरमधून जातं, आणि ढोबळ हिशेबाने लिटरमागे एक तृतीयांश उष्णता पाण्यात उतरते. तेवढ्या उष्णतेत पस्तीस-चाळीस लिटर गार पाण्याला उकळी फुटली असती. तुमच्या गाडीत पाणी दहा-बारा लिटर. म्हणजे एका घाटात हे पाणी तीनेक वेळा उकळू शकलं असतं आणि रोज ते उकळत नाही, यात रेडिएटरचं केवढं काम आहे ते बघा. इंजिन तापतं हे नवल नाही. आज ती उष्णता बाहेर का गेली नाही, एवढाच प्रश्न.

यात या डिझेलची एक खोड जमेस धरा. त्यात इंधन सरळ पिस्टनवर फवारलं जात नाही. हेडमधल्या एका लहानशा खोलीत ते पेटतं आणि अरुंद गळ्यातून भडका खाली येतो. असं इंजिन आवाजाला मवाळ असतं, पण त्या खोलीच्या आणि गळ्याच्या भिंतींमुळे त्याच आकाराच्या थेट फवाऱ्याच्या डिझेलपेक्षा पाण्यात जास्त उष्णता टाकतं.

आता मागे जा. गाडी कधी तापली? पार्ट बदलत सुटण्याआधी हा एक प्रश्न पुरता चघळावा असं माझं ठाम मत आहे. बहुतेक जण "काय खराब झालं" इथून सुरुवात करतात आणि रेडिएटर, पंप, थर्मोस्टॅट या क्रमाने पैसे घालवतात.

टोलनाक्यावर, रांगेत उभी असताना तापली का? डिझेल इंजिन उभ्या जागी अगदी थोडं इंधन जाळतं, त्यामुळे पाण्यात फारशी उष्णता जातच नाही. तरी तापली, तर हवा जवळजवळ वाहतच नसणार. बेल्ट सैल असेल, पंखा भलतीकडे बसला असेल, इलेक्ट्रिक पंख्याच्या वायरी उलट लागल्या असतील आणि तो हवा ओढण्याऐवजी पुढे ढकलत असेल.

सपाट रस्त्यावर वेगात तापली का? तिथे वारा भरपूर असतो, मग पाणी अडत असणार. रेडिएटरच्या नळ्या बुजल्यात, थर्मोस्टॅट पुरता उघडत नाही, किंवा खालचा होज पाइप आत ओढला जाऊन चपटा होतोय. खालच्या होजमधून पंप पाणी खेचतो. मूळ होजमध्ये अनेकदा तारेची स्प्रिंग असते ती यासाठीच. इंजिन बदलताना बाजारातला साधा पाइप कापून लावला की स्प्रिंग राहून जाते. उभ्या गाडीत तो होज ठणठणीत दिसतो. कुणाला तरी ॲक्सिलरेटर दाबून धरायला सांगितलं की मगच तो दबताना दिसतो.

आणि फक्त चढाला तापली का? मग यादी लांबते. रेडिएटर अपुरा, हवा अपुरी, हेड गॅस्केट, इंजेक्शन पंपाचं डिझेल वाढवून ठेवलेलं, इंजेक्शनचं टायमिंग मागे पडलेलं, चिकटलेला ब्रेक, घसरणारा क्लच. आठवा, चढताना मागे काळा धूर होता का? एक गिअर खाली टाकलात तेव्हा काटा थोडा तरी उतरला का? खालच्या गिअरमध्ये इंजिन जास्त फिरतं, त्याच्याबरोबर पंखा आणि पंपही. तेवढ्याने काटा उतरत असेल तर हवा किंवा पाणी काठावर पास होतंय. नसेल उतरत, तर उष्णताच जास्त तयार होतेय, किंवा वाट पक्की बंद आहे.

उत्तर लगेच आलं नाही तरी चालेल. कुंभार्लीत तापली आणि आंबोलीत नाही, तर तो दिवस, ते ओझं, ती वेळ, वारा पाठीमागून होता का, हे सगळं आठवून बघा. पाठीमागचा वारा रेडिएटरमधून जाणारी हवा कमी करतो, हे कुणी ध्यानात घेत नाही.

एव्हाना दहा मिनिटं झाली असतील. चावी फिरवा, इंजिन सुरू करू नका, नुसता काटा बघा. तो कदाचित थांबलात त्यापेक्षा वर गेलेला असेल. घाबरू नका. पंप थांबला की हेडमधली उष्णता साठलेल्या पाण्यात उतरत राहते, काही वेळ काटा चढतो आणि मग उतरतो.

चावी तशीच ठेवून आता हेडलाइट लावा. काटा हलला का?

हलला असेल तर नीट थांबा, कारण कदाचित गाडी तापलीच नसेल. नवं इंजिन रबरावर बसवलंय. रबर वीज जाऊ देत नाही. इंजिन आणि चासी यांच्यामध्ये तांब्याची जाड अर्थिंगची पट्टी लागते. इंजिन बदलताना सर्वात जास्त विसरली जाणारी वस्तू हीच, असं म्हणायला हरकत नाही. ती नसली किंवा गंजली की वीज मिळेल त्या वाटेने परत जाते, आणि दिवे लावले, हॉर्न वाजवला की काटा नाचतो. पण काटा स्थिर असला तरी तो खरं बोलतो असं नाही. सेन्सर तापला की त्याचा विद्युतरोध कमी होतो, आणि किती तापल्यावर किती कमी व्हावा हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. एकाचा सेन्सर दुसऱ्याच्या काट्याला जोडला की ८५ अंशांना लाल पट्टी दिसू शकते, किंवा पाणी उकळत असताना काटा मध्यावर आरामात बसलेला असतो. दुसरं जास्त वाईट. सेन्सरच्या आट्यांवर गळती थांबवायला पांढरी टेप गुंडाळली असेल तर त्याचंही अर्थिंग जातं.

म्हणून एक काम मनात नोंदवून ठेवा: दुसरा साक्षीदार हवा. तांब्याच्या बारीक नळीचा यांत्रिक मीटर मिळतो, त्याला वीज लागत नाही. तो हेडच्या जवळ बसवून घ्या. नाहीतर लांबून तापमान मोजणारं इन्फ्रारेड यंत्र घ्या, पण चकचकीत धातूवर ते कमी दाखवतं. थर्मोस्टॅटच्या घरावर काळी टेप चिकटवून त्या टेपवर रोखा.

आता वरच्या होजकडे नजर लावून बसा. हात नको, फक्त नजर. गाडी निवत जाते तसं पाणी आकसतं. रेडिएटरच्या झाकणात दोन व्हॉल्व्ह असतात: एक दाब वाढला की जास्तीचं पाणी बाजूच्या बाटलीत सोडणारा, दुसरा आकसताना तेच पाणी परत आत घेणारा. हा दुसरा चिकटला किंवा बाटलीकडची नळी बुजली, तर होज हळूहळू आत ओढला जाऊन चपटा होतो. तसं दिसलं तर इतकी वर्षं प्रत्येक वेळी बाहेर गेलेलं पाणी परत आलेलंच नाही, आणि त्याच्या जागी हवा साठत गेली.

झाकणाचा आकडाही इथेच आठवून ठेवा. ६०० मीटर उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. ७ पाउंडांचं झाकण ती मर्यादा ११० पर्यंत नेतं, १५ पाउंडांचं १२० च्या जवळ. हे ऐकून दुकानातून जोरदार झाकण आणून लावायचा मोह होतो. पण रेडिएटर तांब्या-पितळेचा, जुना, डाख दिलेला आहे. त्या काळच्या गाड्यांची झाकणं ४ ते ७ पाउंडांची असायची. १५ पाउंडांना त्याच्या शिवणी सुटतील. मर्यादा सर्वात अशक्त जोड ठरवतो, सर्वात तरुण वस्तू नाही.

उठा आता. गाडीच्या पुढे जाऊन ग्रिलच्या खाचांतून आत बघा, मग बाजूने. पंखा रेडिएटरच्या मध्यावर आहे का? नव्या इंजिनाचा वॉटर पंप वेगळ्या उंचीवर असेल तर पंखा खाली सरकलेला असतो आणि रेडिएटरचा वरचा, सर्वात गरम भाग तसाच राहतो. अंतर बघा. चार बोटं, वीतभर? आणि सर्वात महत्त्वाचं, पंख्याभोवती पत्र्याचं कवच, म्हणजे श्राउड, आहे का?

बहुतेक वेळा नसतं. जुनं बसेना म्हणून काढून ठेवलेलं असतं, आणि "त्याने काय होतंय" म्हणून कुणी नवं केलेलं नसतं. कवच नसलेला पंखा रेडिएटरमधून हवा ओढतोच असं नाही. पात्यांच्या टोकांवरून इंजिनाकडची गरम हवा वळसा घालून परत पुढे येते आणि तीच फिरत राहते. बंद खोलीत पंखा लावल्यासारखं. वेगात गाडी असेल तर वारा हे झाकून टाकतो, घाटात वेग २० वर आला की उघडं पडतं. कवच असं हवं की रेडिएटरची पूर्ण रुंदी झाकेल आणि पात्यांची जाडी साधारण निम्मी आत, निम्मी बाहेर राहील. गावातला कुठलाही पत्र्याचं काम करणारा ते करून देईल. इतक्या स्वस्तात इतका फरक पाडणारी दुसरी गोष्ट या गाडीत नाही, तरीही ती शेवटी सुचते. पंख्याची पाती उलटी बसली आहेत का तेही बघा. साधा पंखा उलटा बसवला तरी हवा त्याच दिशेला ढकलतो, फक्त फार कमी. त्यामुळे हाताला वारा लागतो आणि सगळं ठीक वाटतं.

रेडिएटरच्या पोकळ्यांत चिखल, गवताचं बी, तेलाने चिकटलेली धूळ दिसली तर तीही मोजा. आणि वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरलं असेल तर जे बाहेर दिसतंय त्याहून जास्त आत आहे. पाणी तापवायच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच नळ्यांत आणि ब्लॉकमध्ये बसलेला असतो.

पाऊण तास झाला. होज हाताला कोमट लागतो. आता जाड फडकं घेऊन झाकण पाव फेरा फिरवा, थांबा, फुसफुस संपू द्या, मग काढा.

पाणी कुठपर्यंत आहे? काठोकाठ असेल आणि तरी गाडी तापली, तर पाणी वाहत नव्हतं किंवा हवा नव्हती. कमी असेल तर ते गेलं कुठे? होजच्या क्लिपांपाशी, पंपाच्या खालच्या भोकाशी वाळलेले डाग असतात. पाण्यावर तेलाचा तवंग आहे का बघा, आणि इंजिन ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय आहे का. पाणी भरताना इंजिन चालू ठेवून हळूहळू भरा. तापल्या, कोरड्या हेडमध्ये एकदम गार पाणी ओतलं की तडा जातो.

भरताना वरच्या टाकीची उंची आणि हेडच्या पाणी बाहेर येण्याच्या जागेची उंची डोळ्यांनी ताडून बघा. नवं इंजिन तिरकं किंवा उंच बसलं असेल तर हेडचा एखादा कोपरा रेडिएटरपेक्षा वर राहतो. हवा तिथे जाऊन बसते. थर्मोस्टॅट पाण्याने तापून उघडतो. त्याच्याखाली हवेचा बुडबुडा असेल तर तो वेळेवर उघडत नाही. थर्मोस्टॅटच्या कडेला ३ मिलिमीटरचं भोक पाडून घेणं आणि भरताना गाडीचं नाक चढाकडे ठेवणं, एवढ्याने बऱ्याच गाड्या निवल्या आहेत.

थर्मोस्टॅटचं नाव निघालंच तर. "काढून टाका साहेब, कटकटच नको," हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ऐकू नका. तो नसेल तर इंजिन थंडीत कधी पुरतं तापत नाही, ऑइलमध्ये गाळ धरतो, डिझेल जास्त जातं. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना रेडिएटरला टाळून जाणारी बायपासची वाट बंदही करतो. तो काढला की ती वाट कायमची उघडी, आणि गरम पाण्याचा मोठा हिस्सा रेडिएटरकडे फिरकतच नाही. शंका असेल तर तो घरी पातेल्यातल्या पाण्यात दोरीने लटकवा, गॅस लावा, थर्मामीटर धरा आणि त्यावर ठोकलेल्या आकड्याला तो उघडतो का ते बघा.

हेड गॅस्केटचा संशय सर्वात भीतीचा, म्हणून लोक तो आधी घेतात किंवा अजिबात घेत नाहीत. तपासणी घरी, सकाळी, गार इंजिनावर करायची. रेडिएटर काठोकाठ भरा, फॅनबेल्ट काढा, झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू करा आणि मिनिटभर पाण्याकडे बघत बसा. सुरुवातीचे दोनचार बुडबुडे सोडून द्या. अखंड, बारीक, न थांबणारे येत राहिले तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय. बेल्ट लावून, झाकण घट्ट करून केलेल्या गार सुरुवातीनंतर वरचा होज मिनिटभरात दगडासारखा टणक होत असेल, तर तीच बातमी.

घरी गेल्यावर एका वेळी एकच बदल करा. अर्थिंगची पट्टी, मग मीटर, मग श्राउड, होज, मग टायमिंग आणि धूर. प्रत्येक बदलानंतर तोच घाट, तेवढंच ओझं, शक्यतो तीच दुपार. मे महिन्यात दुरुस्त केलेली गाडी जुलैत तपासली तर पावसाने दिलेलं प्रमाणपत्र मिळतं, दुसरं काही नाही.

हे सगळं बरोबर निघूनही चढाला काटा वर जात असेल, तर रेडिएटर खरंच या डिझेलला लहान पडतोय. हा खर्च मोठा, म्हणून तो शेवटी. रेडिएटरवाल्याला वरच्या-खालच्या टाक्या तशाच ठेवून मध्ये नळ्यांच्या जास्त रांगांचा कोअर टाकायला सांगा, म्हणजे खाचांमागच्या जागेत फेरफार लागणार नाही. कोअर जाड झाला की पंखा त्याच्या तेवढाच जवळ येतो. इंजिन रबरावर पुढेमागे हलतं, जोरात ब्रेक मारला की जास्तच. रेडिएटर बसवून घेताना त्याच दिवशी पात्यांपासून कोअरपर्यंत बोट घालून बघा. इंचभर जागा राहायला हवी.